जॉन स्लोनचं एचिंग लिलावात घ्यावं का? (बजेट ३,००० डॉलर, सगळं धरून)

गच्चीकर | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

कलाविभागात पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

ऑक्टोबरात बायकोची पन्नाशी आहे. दागिना नको, पार्टी नको, असं दोनदा बजावून झालंय. मागच्या हिवाळ्यात लायब्ररीतून जुन्या न्यूयॉर्कवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात अमेरिकन चित्रकार जॉन स्लोनचं 'रूफ्स, समर नाइट' हे १९०६ सालचं एचिंग होतं. उकाड्यानं हैराण झालेली बिऱ्हाडं गच्चीवर गाद्या टाकून झोपलीयत. बायको गिरगावातल्या चाळीत वाढलेली. भाजी चिरता चिरता तिनं ते पान बघितलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मे महिन्यात आम्ही अश्शेच." पुस्तक परत करायच्या दिवशी तिनं ते पान पुन्हा काढून बघितलं.

तर आता फिलाडेल्फियातल्या एका लिलावात हेच एचिंग आलंय. आम्ही न्यू जर्सीत, म्हणजे गाडीनं दीड तास. कॅटलॉग चाळताना आणखी तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या, त्यामुळे गोंधळ वाढलाय.

एक, स्लोनचं एचिंग. खाली पेन्सिलनं सही, शीर्षक आणि '१०० प्रूफ्स' असं लिहिलेलं. अंदाज १,५०० ते २,५००.
दोन, शाईतलं रेखाटन, हातगाडी आणि दोन पोरं. 'ॲट्रिब्यूटेड टू जॉर्ज लक्स'. ८०० ते १,२००.
तीन, लाकडी फळीवरचं छोटं तेलचित्र, बर्फातला रस्ता. 'अमेरिकन स्कूल, सर्का १९१५', म्हणजे कोणी तरी अमेरिकन, १९१५ च्या सुमारास. कोपऱ्यात सही आहे, पण लागत नाही. १,००० ते १,५००.
चार, अब्राहम वॉकोवित्झ, इझाडोरा डंकन नाचतानाचं शाई-जलरंगातलं चित्र. ३०० ते ५००.

मुलगा म्हणतो, "बाबा, एचिंग म्हणजे प्रिंट. तसलीच आणखी नव्व्याण्णव लोकांकडे असणार. त्यापेक्षा तेलचित्र घ्या, ते तरी एकमेव आहे." मला मुद्दा पटतो आणि पटतही नाही. लिलावात आजवर फक्त गणपतीचा नारळ घेतलाय. बोलीचं तंत्र, वरचे खर्च, चित्र कसं तपासायचं, सगळ्यावर सल्ला हवाय.

---

शाईचा_डाग | रविवार, सकाळी ७.१५

मुलाला सांगा, नव्व्याण्णव असतीलच असं नाही.

स्लोन '१०० प्रूफ्स' लिहायचा ते शंभरची आवृत्ती काढायचा इरादा म्हणून. गिऱ्हाईक मिळेल तसे दहा-वीस छाप काढायचे, बाकीचे नंतर, अशी त्याची पद्धत होती. कित्येक प्लेट्सचे (ज्यावरून छापायचं त्या पत्र्यांचे) शंभर कधी पुरे झालेच नाहीत. सुरुवातीचे छाप त्यानं स्वतः काढले, पुढे पीटर प्लॅटसारख्या मुद्रकांकडून काढून घेतले. त्यामुळे एकाच प्लेटचे दोन छाप शेजारी ठेवले तर एकात काळोख दाट असतो, दुसऱ्यात विरळ. गच्चीवरच्या रात्रीला हा फरक फार लागतो.

दुसरं, 'प्रिंट' या शब्दानं घोळ होतोय. रविवर्मा प्रेसची ओलिओग्राफ म्हणजे आधी काढलेल्या तेलचित्राची छपाई. स्लोनच्या एचिंगमागे दुसरं 'मूळ' चित्र नाही. त्यानं तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईनं रेघा ओढल्या, पत्रा आम्लात बुडवला, रेघांत शाई भरली आणि ओल्या कागदावर दाबला. तो कागद म्हणजेच चित्र. पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो, बोट न लावता तिरप्या उजेडात बघा. तो चौकोन नसेल तर एक तर फोटोछपाई आहे, नाही तर कडा कापल्यात.

पीटर मोर्सनं १९६९ साली स्लोनच्या छापचित्रांची सूची काढली. कॅटलॉगमध्ये 'मोर्स' आणि पुढे क्रमांक असेल. चांगल्या लायब्ररीत ती सूची मिळते. माप आणि छापाची अवस्था ताडून बघा. ही प्लेट लहान आहे, पाच बाय सात इंचांच्या आसपास. भिंतभर काहीतरी डोक्यात असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

---

निवांत_नामदेव | रविवार, सकाळी ८.०२

वाचनखूण साठवली. गणपतीचा नारळ केवढ्याला पडला ते पण सांगा.

---

गच्चीकर | रविवार, सकाळी ८.३०

२५१ ला. आणि आत कोंब आलेला निघाला.

---

फिलीकर_काकू | रविवार, दुपारी १.२०

गच्चीकर, वीसेक वर्षं या लिलावांना जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा पैशाचं. हातोडा पडतो ती तुमची किंमत नव्हे. त्यावर लिलावघराचं बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन. हल्ली २५ टक्क्यांच्या खाली क्वचितच सापडेल, तुमच्या कॅटलॉगच्या अटींत नक्की आकडा असेल. २६ धरू. २,००० ला हातोडा पडला तर ५२० प्रीमियम, झाले २,५२०. न्यू जर्सीत मागवलं तर त्यावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे आणखी १६७. आले २,६८७ वर. नव्यानं नीट फ्रेम करायला अडीचशे तरी ठेवा. म्हणजे ३,००० च्या बजेटात तुमची शेवटची बोली २,००० आहे. कागदावर लिहून खिशात ठेवा. दुसऱ्या कुठल्या वेबसाइटमार्फत बोली लावलीत तर तिचे दोन-चार टक्के वर, म्हणून थेट लिलावघराकडे नाव नोंदवा.

आता भाषेचं. कॅटलॉगमध्ये नुसतं 'जॉर्ज लक्स' असतं तर घर त्या नावामागे उभं राहिलं असतं, ठरावीक मुदतीत खोटं निघालं तर पैसे परत. 'ॲट्रिब्यूटेड टू' म्हटलं की त्यांचं मत एवढंच, हमी कसली नाही. 'सर्कल ऑफ', 'मॅनर ऑफ' म्हणजे आणखी दोन पायऱ्या खाली. आणि 'साइन्ड' वेगळं, 'बेअर्स सिग्नेचर' वेगळं. दुसऱ्याचा अर्थ, सही आहे बुवा, कोणी केली ते विचारू नका.

हे मी कशावरून सांगते? बारा वर्षांपूर्वी एका गावातल्या छोट्या लिलावघरातून मी असाच एक 'लक्स' घेतला. खडूतला म्हातारा, हातात बाटली. लक्स स्वतः पक्का पिणारा, १९३३ साली दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीनंतर रस्त्यावर मरून पडलेला सापडला, तेव्हा मला तो म्हातारा अगदी त्याचाच वाटला. अकराशे मोजले. फ्रेम उघडल्यावर मागून स्पायरल वहीची भोकं निघाली. कागदही पांढराफेक, घरातल्या ट्यूबलाइटखाली निळसर चमकणारा. असली चमक आणणारी रसायनं कागदात साधारण १९५० नंतरची. लिलावघराकडे गेले तर त्यांनी अटींचं कलम दाखवलं: जसं आहे तसं. म्हातारा आता माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला असतो. माझ्या नातवाला आवडतो.

तुमचा दोन नंबर सोडा.

---

आकडेमोड | रविवार, दुपारी ३.४५

थोडं कडू बोलतो. ३,००० इंडेक्स फंडात टाका, दहा वर्षांनी बायकोला युरोप दाखवा. असल्या मधल्या दर्जाच्या चित्रांना पुन्हा विकताना काही मिळत नाही. घेताना २६ टक्के त्यांचे, विकताना पुन्हा दहा-पंधरा टक्के त्यांचेच.

---

फिलीकर_काकू | रविवार, दुपारी ४.१०

आकडेमोड, हिशोब बरोबर आहे तुमचा. पण पन्नाशीच्या बाईला फंडाचं स्टेटमेंट फ्रेम करून देणार का? त्यांनी गुंतवणुकीचा धागा काढलेला नाही.

---

इतिहासाचा_तास | रविवार, रात्री ९.५०

अवांतर होईल, पण स्लोनचं नाव निघालं आणि राहवलं नाही.

स्लोन, लक्स, विल्यम ग्लॅकन्स आणि एव्हरेट शिन हे चौघं मूळचे फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्रांचे चित्रकार. तेव्हा छापखान्याला फोटो नीट झेपत नव्हते. आग लागली, अपघात झाला, की चित्रकार पळायचा, दोन-चार खुणा टिपायचा आणि कचेरीत येऊन घटना उभी करायचा. ग्लॅकन्सची स्मरणशक्ती या कामात दांडगी समजायचे. स्लोनला मात्र पळापळ जमायची नाही, तो टेबलावर बसून रविवारच्या अंकाची नक्षीदार चित्रं आणि कोडी काढायचा. रॉबर्ट हेन्राय हा त्यांचा गुरू म्हणा, मोठा भाऊ म्हणा. त्यानं या सगळ्यांना रंगाकडे ढकललं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं घराघरांत जायची, पण त्यांना 'खरे' चित्रकार मानायला काही लोक नाकं मुरडायचे. तसलाच प्रकार इथेही.

१९०६ मध्ये स्लोननं न्यूयॉर्कच्या जीवनावरची दहा एचिंग्ज अमेरिकन वॉटरकलर सोसायटीच्या प्रदर्शनाला पाठवली. त्यातली चार अशिष्ट म्हणून परत आली. १९०८ च्या फेब्रुवारीत हेन्राय, हे चौघं आणि आणखी तिघं मिळून न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत 'द एट' म्हणून उभे राहिले. गर्दी लोटली, पण स्लोनचं काही विकलं गेलं नाही. त्याचं पहिलं तेलचित्र विकलं गेलं १९१३ साली, चाळिशी ओलांडल्यावर, आणि घेणारा होता फिलाडेल्फियाचा औषधवाला अल्बर्ट बार्न्स. 'ॲशकॅन' म्हणजे राखेचा डबा, हे नाव तर पुढे चेष्टेतून चिकटलं.

आता भाव बघा. याच गोतावळ्यातल्या जॉर्ज बेलोजचं 'पोलो क्राउड' १९९९ मध्ये लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरला गेलं. हेन्रायचाच विद्यार्थी एडवर्ड हॉपर; त्याचं १९२९ सालचं 'चॉप सुई' २०१८ मध्ये ९ कोटी १८ लाखांच्या वर. बेलोजच्या 'मेन ऑफ द डॉक्स'ची गोष्ट याहून मजेदार. १९२० साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या मुलींच्या कॉलेजनं ते घेतलं, मुलींनी वर्गणी काढून. किंमत २,५०० डॉलर. २००७ मध्ये कॉलेजनं ते लिलावाला काढायचं ठरवलं, लोक कोर्टात गेले, तेव्हा अडलं. शेवटी २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीनं २ कोटी ५५ लाखांना नेलं.

गच्चीकर, मुलींच्या वर्गणीचा आकडा आणि तुमचं बजेट जवळजवळ सारखंच. शंभर वर्षं उशीर झाला एवढंच.

---

ओला_ब्रश | सोमवार, सकाळी ६.५५

तेलचित्राबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सही न लागणारं चित्र वाईट असतंच असं नाही, चित्र आवडलं तर जरूर घ्या. पण बघायला जाल तेव्हा चित्र उलटं करून मागायला लाजू नका. फळीच्या मागे जुन्या गॅलरीची चिठ्ठी असेल तर फोटो काढा. मॅकबेथच्या वह्या आणि पत्रव्यवहार आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टनं ऑनलाइन ठेवलाय, फुकट शोधता येतो. चिठ्ठी फळीवर आहे की फक्त फ्रेमवर तेही बघा. फ्रेमा बदलतात, आणि फ्रेमेबरोबर चिठ्ठ्याही.

लिलावघराकडे अतिनील दिवा असतो, दोन मिनिटं मागून घ्या. अंधार करून दिवा मारला की जुनं वॉर्निश हिरवट उजळतं, नंतरची डागडुजी काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. सही वॉर्निशच्या वर तरंगताना दिसली तर समजून जा.

---

मधली_सुट्टी | सोमवार, दुपारी १२.३०

मी वॉकोवित्झवाला! माझ्याकडे दोन आहेत. हा माणूस १९०६ मध्ये पॅरिसात शिल्पकार रोदँच्या स्टुडिओत इझाडोराला भेटला आणि पुढे जन्मभर तिची चित्रं काढत राहिला, पाच हजारांच्या वर. ती १९२७ मध्ये गेली, याचा हात थांबला नाही. संख्या एवढी मोठी म्हणून भाव खाली आहेत, नाही तर रेघ बघा त्याची. चेहरा नाही, बोटं नाहीत, तरी झोका कळतो. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी याहून बरं मला माहीत नाही. फक्त जलरंग उडालेला नाही ना ते बघा. माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दबलेल्या पट्टीचा रंग आणि उघड्या भागाचा रंग सारखा हवा.

जेरोम मायर्सही लक्षात ठेवा. लोअर ईस्ट साइडच्या बाजारातल्या बायका-पोरं, पेन्सिल आणि खडूत. अजून आवाक्यातली निघतात कधीकधी.

---

हेमांगी_न्यूअर्क | सोमवार, संध्याकाळी ६.१०

बेलोजचे लिथो (दगडावरून काढलेले छाप) बघणार असाल तर सहीकडे लक्ष द्या. तो १९२५ मध्ये अपेंडिक्स फुटून गेला, अवघा ४२ वर्षांचा. बरेच छाप सहीविनाच राहिले होते, त्यांवर नंतर पत्नी एमानं त्याचं नाव लिहून आपली आद्याक्षरं टाकली, काहींवर मुलीनं. ही फसवणूक नव्हे, उघड उघड केलेलं आहे, पण किमतीत फरक पडतो. आणि कोणी हॉपरचं एचिंग 'स्वस्तात' देत असेल तर पळ काढा. त्याचं 'नाइट शॅडोज' १९२४ मध्ये 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकानं काढलेल्या संचात होतं. आज त्या एका कागदाला गाडीची किंमत पडते.

---

गच्चीकर | गुरुवार, रात्री १०.०५

आज जाऊन आलो. ऑफिसात 'दाताचं काम' सांगितलं.

तेलचित्र फोटोत फार गोड होतं. दिव्याखाली अर्धं आभाळ काळ्या ठिपक्यांचं. ओला_ब्रश, धन्यवाद, वाचवलंत. लक्सकडे मी काकूंच्या भीतीनं नीट बघितलंच नाही.

स्लोन लिलावघरातल्या बाईंनी फ्रेममधून काढून दाखवला. हातात केवढासा कागद! पोस्टकार्डाहून थोडा मोठा चौकोन आणि भोवती दोन बोटं मोकळी जागा. दाब स्पष्ट लागतो. काळोख दाट आहे, गच्चीच्या कठड्यापलीकडचा तर मखमलीसारखा. पेन्सिलची सही जराशी फिकट. पण चारी बाजूंनी, जुन्या माउंटची खिडकी होती तिथे, चहाच्या डागासारखी पिवळी चौकट उमटलीय. मागे वरच्या दोन कोपऱ्यांत तपकिरी चिकटपट्टी. आणि मार्जिनमध्ये खाली उजवीकडे एक मोड पडलीय, चित्रात शिरत नाही.

हे चालतं का?

---

शाईचा_डाग | गुरुवार, रात्री ११.२०

पिवळी चौकट म्हणजे मॅट बर्न. आम्लयुक्त पुठ्ठ्यानं कागद भाजलाय. प्लेटच्या चौकोनाबाहेर असेल तर नव्या माउंटखाली झाकला जाईल. कागदाची डागडुजी करणाऱ्या माणसाकडून धुऊन बराच उतरतोही, पण तीनेकशे डॉलर जातील आणि पेन्सिल सांभाळून धुवावं लागतं. कडा कापलेल्या नाहीत, पुठ्ठ्यावर चिकटवलेला नाही, छाप दाट आहे, या तिन्ही गोष्टी मोठ्या आहेत. माझं मत: घ्या, पण धुण्याचा खर्च बोलीतून वजा करा.

---

फिलीकर_काकू | शुक्रवार, सकाळी ९.००

म्हणजे १,८०० वर थांबा. फार तर १,९००. आणि फोनवर बोली लावा, समोर बसलात तर हात आपोआप वर जातो. मी सांगते ना.

---

गच्चीकर | रविवार, संध्याकाळी ७.४०

मंडळी, गेला.

फोन आला तेव्हा मी होम डेपोच्या पार्किंगमध्ये. पलीकडची मुलगी शांतपणे आकडे सांगत होती. ९०० ला सुरू झालं, १,५०० पर्यंत चार जण, १,७०० नंतर मी आणि आणखी एक. १,९०० माझे. तिकडून २,०००. मुलगी म्हणाली, "दोन हजार दोनशे म्हणू का?" मी खिशातली चिठ्ठी काढून बघितली, काकू, खरंच. "नको" म्हणालो. चार सेकंद शांतता आणि हातोडा. सगळं मिळून दीड मिनिट.

मग पंचवीस लॉट (लिलावातल्या वस्तू) नंतर वॉकोवित्झ आला आणि मी ३५० ला घेऊन टाकला. का ते माहीत नाही. बहुतेक फोन हातातच होता म्हणून.

---

आकडेमोड | रविवार, रात्री ८.१५

३५० वर प्रीमियम-टॅक्स धरून ४७० झाले. बाकी अडीच हजार शिल्लक. अभिनंदन, आजवरचा सगळ्यात शहाणा प्रतिसाद तुमचा आहे.

---

शाईचा_डाग | रविवार, रात्री ९.३०

गच्चीकर, आता मुलाचा मुद्दा उलटा करून बघा. तेलचित्र गेलं असतं तर कायमचं गेलं असतं. हे एचिंग आहे. शंभर नसले तरी बरेच छाप बाहेर आहेत, आणि स्लोनची न्यूयॉर्कची एचिंग्ज लिलावांत फिरून फिरून येतात. न्यूयॉर्कची कागदावरच्या कामांची लिलावघरं, लॅम्बर्टव्हिल, बॉस्टन, सगळीकडे नावाचा अलर्ट लावून ठेवा. चित्राचं शीर्षकही टाका, नुसतं 'स्लोन' टाकलंत तर दिवसाला वीस मेल येतील.

ऑक्टोबरपर्यंत न आल्यास तिला घेऊन विल्मिंग्टनला डेलावेअर आर्ट म्युझियममध्ये जा. स्लोनच्या दुसऱ्या पत्नीनं, हेलन फार स्लोननं, त्याचं काम आणि कागदपत्रं त्यांना दिली, एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही. आधी लिहून वेळ ठरवा आणि हेच एचिंग बघायचंय असं कळवा. कागदावरची कामं कायम भिंतीवर नसतात.

---

गच्चीकर | सोमवार, रात्री १०.५०

अलर्ट लावले. आज लगेच एक आला! मार्जिन चारी बाजूंनी प्लेटपर्यंत कापलेलं, 'ट्रिम्ड टू द प्लेटमार्क, लेड डाउन' (म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं) असं लिहिलंय, अंदाज ६०० ते ९००. सोडतोय. बरोबर ना?

वॉकोवित्झ उद्या आणायला जाणार. तो कुठे लावू? दिवाणखान्यात खिडकीसमोरची भिंत मोकळी आहे.

---

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ११.०५

बरोबर. सोडा. आणि खिडकीसमोर अजिबात नको, दोन उन्हाळ्यांत इझाडोराचा झगा उडून जाईल. बेडरूमच्या पॅसेजमध्ये, यूव्ही काच, ॲसिड-फ्री माउंट, आणि काच कागदाला टेकू देऊ नका. मागची जुनी फ्रेम टाकण्याआधी तिच्यावरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून घ्या.

---

फिलीकर_काकू | मंगळवार, सकाळी ८.२५

आणायला जाताना जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि जुनी चादर न्या. ते लोक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात. पार्किंग मागच्या गल्लीत मिळतं, पुढे लावलंत तर दंड. येताना वाटेत माझ्याकडे चहाला या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. म्हातारा बघून जा.